जंगल कुणाचं, ब्लूबेरी कुणाची

जुलै संपत आला की आमच्या ऑफिसात एकच विषय असतो: यंदा ब्लूबेरी कुठे चांगली धरली आहे. नेमकी जागा मात्र कुणी सांगत नाही. फिनलंडमध्ये पगार विचारलेला चालेल, पण ब्लूबेरीची जागा विचारायची नाही.

एका सहकारी मैत्रिणीने मला पहिल्यांदा रानात नेलं, तेव्हा मी आधी विचारलं, जमीन कुणाची आहे? तिला माहीत नव्हतं, आणि माहीत असायला हवं असंही तिला वाटत नव्हतं. इथे जंगल कुणाचंही असो, त्यातून चालायला, एखादी रात्र तंबू ठोकायला, रानफळं आणि अळंबी गोळा करायला मालकाची परवानगी लागत नाही. परक्या पासपोर्टवर राहणाऱ्या मलाही तोच हक्क. घराच्या आवारात शिरायचं नाही, उभ्या पिकातून जायचं नाही, झाड तोडायचं नाही, विचारल्याशिवाय आग पेटवायची नाही. एवढं पाळलं की झालं. खुडलेली फळं विकलीत तर त्या पैशांवर करही नाही! देशाची सुमारे ७५ टक्के जमीन जंगलाखाली आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त खाजगी मालकीचं. म्हणजे लोक खरोखरच दुसऱ्याच्या रानात जातात आणि मालकाला त्यात वावगं वाटत नाही. याचं मला अजूनही अप्रूप आहे.

दुकानातली ब्लूबेरी लागवडीची, आतून पांढुरकी. रानातली आतपर्यंत जांभळी. झुडूप घोट्याच्या थोडं वर, फळं पानांखाली एकेकटी लटकलेली. कमरेत वाकायचं, फांदी उलटवायची, चार-पाच दाणे काढायचे, पुढे सरकायचं. फणीसारख्या दातांचा एक डबा मिळतो. तो झुडपातून ओढला की मूठभर फळं एकदम येतात, पण पानं-काड्याही येतात, आणि त्या निवडायला इथे सूप कुठून आणणार? मी हातानेच खुडते. नखांतला रंग लवकर जात नाही, डास सोडत नाहीत, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड चिकटलेली नाही ना, हे बघावं लागतं. तरीही तेवढा वेळ डोक्यात पुढच्या झुडपाशिवाय काही नसतं, आणि आठवडाभराचा शीण उतरतो.

आई फोनवर म्हणते, "अगं, करवंदं खायला एवढ्या लांब जायची काय गरज होती?" करवंदं ब्लूबेरीपेक्षा सरस आहेत, यात मला शंकाच नाही. वैशाखात चिपळूणकडच्या सड्यावर आम्ही ओठांना चीक लागेपर्यंत खायचो आणि कुणी अडवत नसे. पण तो आमचा हक्क आहे, असंही कुणी म्हणत नसे. कुणी कुंपण घातलं की त्या बाजूची करवंदं संपली.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र मी इथे कुणाला म्हणू देत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आधाराने राहणाऱ्यांना गौण वनोपजावर, म्हणजे बांबू, मध, तेंदूपानं अशा लाकडाशिवायच्या रानातल्या उत्पन्नावर, हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. हे मी जरा जोरातच सांगते. शिवाय फिनलंड महाराष्ट्रापेक्षा थोडासाच मोठा आणि माणसं ५६ लाख. आपण २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी होतो. एवढी माणसं रानात शिरली तर झुडूप तरी उरेल का, असं मी मैत्रिणीला म्हटलं. ती म्हणाली, "आणि कुंपण घातल्यावर उरतं का?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

इथलंही सगळं गोड नाही. विक्रीसाठीची बरीचशी रानफळं थायलंडहून हंगामापुरते आलेले मजूर खुडतात आणि त्यांच्या पिळवणुकीचे खटले इथल्या न्यायालयांत चालले आहेत. म्हणून ती गोठवलेली पाकिटं मी घेत नाही. माझ्या फ्रीझरमध्ये माझीच ब्लूबेरी असते.

जागतिक आनंद अहवालात २०१८ ते २०२५ सलग फिनलंड पहिला आला. घरचे विचारतात, एवढं काय आहे तिथे? डिसेंबरात हेलसिंकीत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. अशा सकाळी ओटच्या लापशीत वाटीभर ब्लूबेरी घातली की लापशी जांभळी होते आणि मला ऑफिसला निघावंसं वाटतं. मी त्यांना हेच सांगते. त्यांचं समाधान होत नाही, माझं होतं.

आता सप्टेंबरात लिंगनबेरी येईल, लालभडक आणि आंबट. तिच्यात बेन्झोइक आम्ल मुळातच असतं, त्यामुळे नुसती ठेचून तिच्याच रसात थंड जागी ठेवली तरी महिनोन्‌महिने टिकते. मीठ-साखर काही लागत नाही. आईचा यावर विश्वास नाही. मिठाशिवाय बरणीत काही टिकतच नाही, म्हणते. यंदा एक बरणी तिच्यासाठी नेणार आहे. मोहरी-हिंगाची फोडणी तिची तिने घालावी.