अपलोड तुटतंय, आणि म्हणे राउटर बंद-चालू करा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालतं. पुण्याच्या पार्टीला ४० जीबी पाठवायचे होते. ५० एमबीपीएसला पावणेदोन तासांचं काम (एमबीपीएसला आठनं भागा, सेकंदाला किती एमबी ते निघतं). पण अपलोड मधेच मान टाकायचं. पार्टीचे फोन सुरू.

वायफाय सोडून थेट केबल लावली, तरी तेच. मग कस्टमर केअर. "सर, आमच्याकडनं लाइन ओके दिसते. राउटर पाच मिनिटं बंद ठेवा." ठेवला. परत फोन, नवा माणूस, पहिल्यापासून सगळी कथा. "स्पीड टेस्ट करा सर." टेस्टला ४८! "मग प्रॉब्लेम तुमच्या कॉम्प्युटरचा." अरे, टेस्ट अर्ध्या मिनिटाची, आणि लाइन जाते मधूनच दोन-चार सेकंद. यूट्यूबवर ते कळत नाही, त्यानं पुढचं आधीच भरून ठेवलेलं असतं. अपलोड मात्र तिथंच झोपतं. हे सांगितलं तर पलीकडून, "अजून काही मदत हवी का सर?" वर मेसेज, तक्रार सोडवली म्हणून! दारात कुणी आलेलं नसताना.

शेवटी पुरावाच गोळा केला. विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या (जिथं आज्ञा टाइप करतात) दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला सतत पिंग (म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघायचं), दुसरीत गुगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. राउटर एक मिलिसेकंदात उत्तर देतोय, एकही चुकत नाही. बाहेरच्या खिडकीत मात्र मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'ची, म्हणजे उत्तरच न आल्याची, रांग. म्हणजे घरातलं सगळं शाबूत, घोळ बाहेर. मग ब्राउझरमधे राउटरचं सेटिंगचं पान उघडून ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधनं येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघितली: उणे २९ डीबीएम. उणे २७ च्या खाली गेलं की सिग्नलचा भरवसा नसतो. दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवले, तसा आवाज बदलला.

लाइनमन पोरगा हुशार निघाला. "कोण म्हणालं लाइन ओके?" म्हणत गच्चीवर गेला. पत्र्याच्या कडेला फायबर काटकोनात दुमडून वर वीट ठेवलेली. तेवढा तुकडा कापून नवा जोड मारला, पॉवर उणे २१. त्याच रात्री फाइल एका दमात गेली.

लाइन दुरुस्त होईपर्यंत घाई असेल तर सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरनं फाइलचे दोन-दोन जीबीचे तुकडे करून पाठवा, तुटलं तर तेवढाच तुकडा परत. लॅपटॉपचं स्लीपही बंद करा. आणि प्लॅन घेताना अपलोडचा आकडा वेगळा विचारा, सांगताना डाउनलोडचाच सांगतात.