इचिरोची ती फेक

आज एकच क्लिप दहा-बारा वेळा बघून झाली. ११ एप्रिल २००१, अमेरिकेतलं ओकलंड, बेसबॉलचा सामना. सिएटल मरिनर्स संघाचा राइट फील्डर (मैदानाच्या उजव्या टोकाचा क्षेत्ररक्षक) इचिरो सुझुकी. पहिल्या बेसवरचा (धावणाऱ्याचा थांबा) प्रतिस्पर्धी टेरेन्स लाँग थेट तिसऱ्याकडे सुटला, आणि इचिरोने फेकलेला चेंडू टप्पा न घेता थर्ड बेसमनच्या (तिसरा बेस राखणाऱ्याच्या) ग्लव्हमध्ये. आउट!

सगळे दंडाच्या ताकदीबद्दल बोलतात. मला विचाराल तर बघायचे पाय. जमिनीवरून येणारा चेंडू तो पुढे धावत घेतो, म्हणजे धावण्याचा जोर फेकीत उतरतो. मग छोटी उडी, उजव्या पायावर वजन, डावा खांदा निशाणाकडे. दोन बोटं शिवणीला आडवी. चेंडू उलटा फिरत सरळ जातो. शिवणीवर उभी पकड बसली की तो वाटेत हमखास वळतो, आणि बेसमन दोन पावलं बाजूला ओढला जातो.

नवख्यांची फसगत वेगळीच. अंगावर येणाऱ्या उंच फटक्याला पाय आपोआप पुढे पडतो आणि चेंडू डोक्यावरून मागे. पहिलं पाऊल मागे टाकावं. पुढे येणं केव्हाही सोपं.

बाकी आकडे सर्वांना ठाऊक आहेत: सलग १० गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा वार्षिक पुरस्कार), २००४ मध्ये २६२ हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके (जॉर्ज सिसलरचा १९२० चा २५७ चा विक्रम मोडला), अमेरिकेत एकूण ३,०८९. तेही वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिकडे जाऊन! २०२५ ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) ३९४ पैकी ३९३ मतं. ते एक मत कुणाचं राहिलं, देव जाणे.