पोच नसलेला अर्ज

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याच्या हिशेब विभागात मी अठरा वर्षे काम केले. त्यातील बराच काळ आवक-जावक नोंदवही माझ्याकडे होती, आणि शिक्का-सही घेतल्याशिवाय कोणाच्या हाती एकही कागद देऊ नये, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला बजावत असे. तीच मी, स्वतःचे पैसे बँकेकडून परत मागताना मात्र तीन महिने पोच न घेता हेलपाटे घालत राहिले. बँकेचा राग आता बराच ओसरला आहे. स्वतःवरचा हा राग अजून आहे.

कारखाना जानेवारी २०२४ मध्ये बंद पडला. माझे पगाराचे खाते एका खासगी बँकेत होते. पगार जमा होत असतो तोवर अशा खात्याला किमान शिल्लकीची अट नसते. तो लागोपाठ तीन महिने आला नाही, तेव्हा बँकेने ते साध्या बचत खात्यात बदलले आणि सरासरी दहा हजार रुपये शिल्लक ठेवण्याची अट लागू झाली. ३ जूनला खात्यात ३,१०० रुपये होते आणि ५ तारखेला स्कूटरचा २,९४० रुपयांचा हप्ता जायचा होता. मी तेवढे मोजूनच ठेवले होते. ३ तारखेलाच किमान शिल्लक नसल्याचा दंड ५०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ९०, असे ५९० रुपये कापले गेले. त्यामुळे हप्ता परत गेला, आणि हप्ता परत गेला म्हणून आणखी ५९० रुपये गेले. जुलैत हेच दोन्ही पुन्हा घडले. पुढे भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून स्कूटरचे कर्ज मी एकरकमी फेडून टाकले, परंतु किमान शिल्लकीचा दंड ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्येही चालूच राहिला, आणि शेवटी खाते ४४० रुपयांनी उणे झाले. सहा वेळा ५९०, म्हणजे ३,५४० रुपये. नोकरी असताना या रकमेसाठी मी कदाचित बँकेची पायरीही चढले नसते. त्या वर्षी तो आमच्या घरचा महिन्याचा किराणा होता.

जूनमध्ये मी शाखेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अतिशय अदबीने सांगितले, “मॅडम, सिस्टीम आपोआप कापते, आमच्या हातात काही नसते.” मी परत आले. नंतर ग्राहक सेवेला फोन केला; तक्रार क्रमांक मिळाला आणि दोन दिवसांत तक्रारीचे निराकरण झाल्याचा संदेश आला, पैसे मात्र आले नाहीत. पुन्हा फोन केल्यावर नवा क्रमांक मिळाला आणि तसाच संदेश पुन्हा आला. जुलैत मी दीड पानांचा अर्ज लिहून शाखेत दिला. त्यात कारखाना कसा बंद पडला, मुलीची फी कशी भरायची आहे, अठरा वर्षे मी या बँकेची ग्राहक कशी आहे, हे सारे होते. दंड कोणत्या तारखेला कापला, हे एका ओळीत कुठेतरी होते. “ठेवून जा, साहेब आले की देतो,” असे म्हणून त्यांनी तो घेतला. दुसरी प्रत माझ्या पिशवीत होती. त्यावर शिक्का मागावा असे मला त्या क्षणी वाटले आणि समोरच्या गर्दीकडे पाहून संकोच वाटला, हे मला लख्ख आठवते.

ऑगस्टमध्ये चौकशीला गेले तर अर्ज सापडत नव्हता. शाखाधिकारी बदलून गेले होते, आणि नव्या साहेबांनी विचारले की अर्ज दिल्याचा पुरावा काय. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी दुसरा अर्ज लिहिला आणि या वेळी शिक्का मागितला. शिक्का कपाटात होता, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते प्रशिक्षणाला गेले होते, आणि मी सोमवारी यावे असे ठरले. सोमवारी गेले तेव्हा शिक्का मिळाला, पण तो माझ्या प्रतीवर मारता येत नाही, ईमेलने तक्रार करा, असे सांगण्यात आले. ईमेलला आपोआप आलेल्या उत्तरात सात दिवसांत संपर्क साधू असे लिहिले होते. तो संपर्क कधीच झाला नाही.

या हेलपाट्यांनी नुकसान काय झाले, ते मला पुढे कळले. बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे थेट जाता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि बँकेने ती फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तरच पुढचे दार उघडते. हे तीस दिवस मोजायचे तर पहिला दिवस कागदावर असावा लागतो. माझा जूनचा पहिला दिवस कागदावर नव्हता, जुलैचाही नव्हता, आणि दरम्यान दंड कापला जातच होता. ईमेलचा ठसा खरे तर पुरला असता, पण मी तो पाठवताना विषय आणि तारखा नीट लिहिल्या नव्हत्या आणि माझा त्यावर विश्वासही राहिला नव्हता. सप्टेंबरमध्ये खाते उणे झाले त्या आठवड्यात मी टपाल कार्यालयात जाऊन एक प्रत शाखेला आणि एक बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर एडीने पाठवली. चार दिवसांत दोन्ही पोचपावत्या सही होऊन घरी आल्या. शाखेपासून टपाल कार्यालय पायी पाच मिनिटांवर आहे.

हा तिसरा अर्ज पाऊण पानाचा होता आणि त्यात मुलीच्या फीचा उल्लेख नव्हता. हलाखी आहे म्हणून दंड परत करावा असा हक्क कोणत्याही नियमात मला सापडला नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१४ च्या पतधोरणात ग्राहकाच्या अडचणीचा किंवा अनवधानाचा गैरफायदा बँकांनी घेऊ नये असे म्हटले होते, आणि त्यातूनच २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक आले. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या त्या परिपत्रकानुसार शिल्लक कमी झाल्याचे बँकेने संदेश, ईमेल किंवा पत्राने कळवावे लागते, त्यानंतर शिल्लक भरून काढायला महिनाभर द्यावा लागतो, आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. मी या तीन गोष्टी आणि सहा तारखा लिहिल्या. दंड फार जास्त आहे असे लिहिले नाही, कारण दर ठरवणे हा बँकेचा व्यापारी निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाहीत.

बँकेचे उत्तर पंचविसाव्या दिवशी आले. तुम्हाला २२ मे रोजी नोंदणीकृत ईमेलवर सूचना दिली होती, सबब रक्कम परत करता येत नाही. तो ईमेल कारखान्याने दिलेला होता आणि कारखान्याबरोबरच बंद झाला होता. (नोकरी सुटली की पहिल्याच आठवड्यात बँकेतला ईमेल बदलून घ्यावा, माझ्या डोक्यातही ते आले नव्हते.) पण २२ मे ते ३ जून हे बारा दिवस होतात, महिना नव्हे. बँकेने स्वतःच्या पत्रातच ते लिहून दिले होते, आणि ते वाचून मी कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले.

लोकपालाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायला अर्धा तास लागला. शुल्क नाही, वकील लागत नाही. काही अडले तर १४४४८ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. बँकेचे ते पत्र, पोचपावत्या आणि स्टेटमेंट जोडले. काही आठवड्यांनी, निर्णय होण्याआधीच, बँकेतून फोन आला आणि २,९५० रुपये जमा झाले: किमान शिल्लकीचे चारही दंड आणि जूनच्या परत गेलेल्या हप्त्याचे शुल्क, जीएसटीसह. जुलैच्या हप्त्याचे ५९० त्यांनी दिले नाहीत, आणि खरे सांगायचे तर तो भुर्दंड माझाच होता; दंड कापला नसता तरी जुलैत खात्यात हप्त्याइतके पैसे नव्हते.

खाते उणे असताना त्यात पैसे भरू नका, ते आधी दंडातच जातात. पगार थांबताच त्याच खात्याचे मूलभूत बचत खात्यात रूपांतर करून मागता येते. त्याला किमान शिल्लक लागत नाही. शाखेत मला ते फक्त जनधनवाल्यांसाठी असते असे सांगण्यात आले, तसे नाही. स्टेट बँकेने तर किमान शिल्लकीची अट मार्च २०२० मध्ये सर्वच बचत खात्यांसाठी काढली आणि माझे नवे खाते तिथे आहे. जुने खाते मी बंद केले, मात्र बंद करण्यापूर्वी मागच्या दोन वर्षांची स्टेटमेंट उतरवून घेतली, कारण खाते बंद झाले की नेट बँकिंगही बंद होते आणि मग त्या कागदांसाठी पुन्हा त्याच काउंटरवर जावे लागते.