बोडीच्या टेकडीवर

शनिवार, रात्र. ब्रिजपोर्ट, कॅलिफोर्निया.

आज आईला बोडीला नेलं, सोन्याच्या खाणींच्या ओस पडलेल्या गावाला. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता. वर पोचलो तर झाड नाही, सावली नाही. नुसता वारा आणि उन्हानं काळपट-तांबूस झालेली लाकडी घरं. गाव आठ हजार फुटांच्या वर आहे, चार पावलं टाकली तरी आईला धाप लागत होती.

१८८० च्या सुमाराला इथं हजारो माणसं राहत. सोनं आटलं तशी ती पांगली आणि १९३२ च्या आगीत बरंचसं गाव जळालं. उरलेलं १९६२ पासून राज्याच्या उद्यान खात्याकडे आहे. घरं पडू द्यायची नाहीत, पण नवीही करायची नाहीत, असं त्यांचं धोरण. काचेला कपाळ लावून आत बघायचं. दुकानाच्या फळ्यांवर डबे, शाळेत पृथ्वीगोल, सगळ्यावर धूळ. एका स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आई खूप वेळ थांबली. "मागचं आवरायलाही मिळालं नाही गं बिचारीला."

दफनभूमी गावाबाहेर टेकडीवर आहे. एव्हलिन मायर्स १८९७ मध्ये गेली, तीन वर्षांची होती. तिच्या कबरीवर पांढऱ्या संगमरवराची देवदूत-मूर्ती आहे, लहान मुलीएवढीच. आईनं वाकून तिच्या पायाशी आलेलं वाळकं गवत बाजूला सारलं.

ज्याच्यावरून गावाला नाव पडलं त्या बोडीला १८५९ मध्ये इथं सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो बर्फाच्या वादळात गेला. पुढे त्याच्यासाठी स्मारकाचा दगड घडवला, पण १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांची हत्या झाली आणि दगड त्यांच्या नावे उभा राहिला. मला हे फार लागलं. गारफील्डना स्मारकं काय कमी मिळाली असती?

इथं चिनी वस्तीही होती. त्या काळी कॅलिफोर्नियात वारलेल्या चिनी माणसांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, जहाजानं मायदेशी पाठवत. हे सांगितलं तेव्हा आई गप्प झाली. बाबा माझ्याकडे आले असताना गेले. त्यांचा कलश मी विमानात मांडीवर धरून नेला होता, मुंबईपर्यंत, आणि तिथून नाशिकला रामकुंडावर.

उतरताना तिनं विचारलं, "जहाजाला किती दिवस लागत असतील गं?"

"महिनाभर तरी."

"आपल्याला दोनच दिवस लागले," ती म्हणाली आणि माझा हात धरून उतरू लागली.