मान लाल का झाली नाही?

एप्रिलमधली सकाळ. नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या सेंटरमध्ये साडेनऊलाच कूलरचं पाणी संपलं होतं. मी आमच्या पेशंट काकांच्या मानेवरचा, मेंदूला हलका करंट देणाऱ्या मशीनचा स्पंज काढला, टॉवेलने पाणी टिपलं आणि थबकले. कातडी अगदी नेहमीच्या रंगाची. वीस मिनिटं २ मिलिअँपिअर करंट गेला की स्पंजाखाली थोडी तरी लाली येते, काही वेळाने जाते. इथे काहीच नव्हतं. हा चौथा दिवस. आदल्या तीन दिवसांत तरी आली होती का? आठवेना, कारण मी पाहिलंच नव्हतं.

मशीनची सेटिंग उघडली. 'शॅम'वर खूण.

शॅम म्हणजे खोटा उपचार. संशोधनात निम्म्यांना खरा करंट देतात, निम्म्यांना हा. यात पहिलं अर्धं मिनिट करंट चढतो, मुंग्या येतात आणि मग गुपचूप बंद होतो. आधी ही मशीन एका विद्यार्थिनीच्या थिसिससाठी वापरली होती, सेटिंग तशीच राहिली. तपासायचं काम माझं होतं.

काका काटोलकडचे, वय सेहेचाळीस, पेशाने डोळे भरणारे, म्हणजे संत्र्याची कलमं बांधणारे. जंबेरीच्या खुंटाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. ज्या हाताने दिवसाला शेकड्याने डोळे भरले, त्या हाताला सहा वर्षांपूर्वी चीर सरळ जमेना. मग पाय फाकवून चालणं, बोलणं जड होणं. बापाला तेच, मोठ्या भावालाही तेच. गावात कित्येक वर्षं एकच निदान होतं: दारू. त्या सकाळीही ऑटोवाल्याने विचारलं होतं, "सकाळीच टाकली का भाऊ?" काकांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

खरं निदान एससीए-२, तोल आणि बोलणं बिघडवणारा आनुवंशिक आजार. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं वाजवीपेक्षा जास्त वेळा लिहिली जातात. बहुतेकांत ती बावीसच्या आसपास असतात, काकांच्या रिपोर्टमध्ये चाळीस. त्यामुळे तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजतो. नजर एकीकडून दुसरीकडे झटकन नेणारी डोळ्यांची उडीही मंदावते, म्हणून हाक मारली की काका नजरेआधी मान वळवतात. जनुक बदलणारं औषध नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की यंत्राने रोग जाणार नाही, चालणं थोडं सावरलं तर सावरलं. आधार होता इटलीतल्या ब्रेशा इथल्या २०१८च्या चाचणीचा. रुग्ण वीसच. एक इलेक्ट्रोड लहान मेंदूवर, दुसरा कमरेच्या मणक्यावर, दोन आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज वीस मिनिटं. खोट्या करंटच्या तुलनेत खऱ्याने तोल सुधारला आणि फरक तीन महिने टिकला.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले होते, "मॅडम, अर्धा मिनिट मुंग्यावानी चावते, मंग काहीच नाही लागत." मी पुस्तकी उत्तर दिलं, कातडीला सवय होते. ते खोटं नाही, खऱ्या करंटलाही तसंच होतं, म्हणून तर शॅम ओळखू येत नाही. अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये शेफील्डला मेंदूला चुंबकाने चेतवणारं यंत्र दाखवलं, त्याची बात वेगळी. ते डोक्याशी धरलं की अंगठा उडतो, बंद असेल तर तिथेच कळतं. आमची तळहाताएवढी डबी काहीच हलवत नाही. पेशींचा कल जरासा बदलते, एवढंच.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. काकांना बरं वाटून राहिलं होतं! तिसऱ्या दिवशी काकू हरखून म्हणाल्या, "काल ताटातलं वरण सांडलंच नाही." मीही मोजलं होतं. सारा म्हणजे तोल, चाल, बोलणं मोजायची पट्टी. तिच्या चाळीस गुणांत काका आधी १५ वर, तिसऱ्या दिवशी १४. या मोजपट्टीत गुण जितके कमी तितकं बरं. मी फाईलमध्ये 'सुधारणा' लिहून मोकळी. करंट नसताना.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना तूच सांग, आत्ताच."

सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. "मंग वरण सांडलं नाही ते कसं?" मी म्हटलं, तीन दिवस माझ्याबरोबर तासभर तोलाचे व्यायाम झाले, तेही असेल. काही दिवस मुळातच बरे जातात. आणि बरं वाटेल अशी आशा धरली की हातही ऐकतो थोडा. एका गुणाचा फरक तर मोजणाऱ्याच्या हातातही असतो, आणि मोजणारी मीच होते.

काका मात्र हसायला लागले, बोबडं, अडखळत. "डोळा लागला का नाही हे पंधरा-वीस दिवस समजत नाही. नव्या पोराले मी हेच सांगतो, रोज पट्टी सोडून पाहू नको. अन् तीन दिवसांत फुटवा पाहून राहिलो मी. येडाच की!"

ते दिवस पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दहा दिवस खरा करंट, मान रोज लाल. या वेळी गुण मी दिले नाहीत, दुसऱ्या मजल्यावरच्या सहकाऱ्याने दिले, त्याला यातलं काही न सांगता. साडेबारा आले. आनंद झालाच. पण व्यायामही चालू होते, मोजणारा हात बदलला होता आणि माणूस एकच. आता फाईलमध्ये मी 'सुधारणा' लिहीत नाही, आकडा लिहिते.

शेवटच्या दिवशी मुलगी सोबत आली होती, एकोणीस वर्षांची. काका कपडे बदलत असताना तिने विचारलं, "ताई, ही मशीन आधीच लावली तर? त्रास सुरू व्हायच्या आधी?" तिच्यात रोगाचं जनुक आलेलं असण्याची शक्यता निम्मी. चाचणी करायची की नाही हे फक्त तिने ठरवायचं, आधी जेनेटिक समुपदेशकाशी बोलायचं, घाई नाही, असं मी सांगितलं. मशीनच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेही सांगितलं.

मी फोन घ्यायला टेबलाशी गेले. वळून पाहिलं तर ती फरशीच्या रेषेवर उभी. वडिलांना मी रोज चालायला लावायचे तसं, टाचेला पंजा लावत तिने दहा पावलं टाकली, वळली, परत दहा. मी फाईलमध्ये डोकं घातलं.