पैसा सांडतो तो वाटेवर

शुक्रवार, रात्री

दापोली-गुहागरच्या सहलीची वहीत बेरीज मारून झाली. पेट्रोल ठरल्याप्रमाणेच लागलं, टोल किरकोळ, राहणं-जेवण अंदाजाच्या आत. मग दरवेळी आमचं बजेट फाटतं ते कुठे? निघायच्या आधी मागच्या कोकणवारीचं पान उघडलं तेव्हाच उत्तर मिळालं होतं. चहा, वडे, वेफर्स, पाण्याच्या बाटल्या, पुन्हा चहा. नुसत्या जाण्यायेण्यात एका मुक्कामाचं भाडं होईल एवढे पैसे फूड मॉलमध्ये ओतले होते. वर त्या चहाला चव नव्हती, हे वेगळंच.

म्हणून या वेळी ठरवलं होतं, काटकसर करायची ती वाटेवर. पोचल्यावर हात आखडता घ्यायचा नाही. नवऱ्याला, म्हणजे ह्याला, पटलं नाही. त्याच्या मते खरी बचत पेट्रोलमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरून आणली, टपावरचा कॅरियर काढला (वारा अडतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे), आणि सबंध वाटभर गाडी ऐंशीच्या पुढे नेली नाही. मागून हॉर्न वाजले तरी ढिम्म. सातशेच्या आसपास किलोमीटर झाले, चाळीस लिटरच्या आत भागलं. ठीकच.

आईंचं म्हणणं, गाडीच कशाला, एसटीने जाऊ. आणि हिशेबाला बाई चुकत नाहीत. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, धाकट्याचंही अर्धंच, म्हणजे पाचांत पूर्ण तिकीट एकट्या ह्याचं. पण दापोलीला उतरल्यावर मुरूड, आंजर्ले, हर्णै असं फिरायचं तर रिक्षाला किती मोजायचे? रेल्वेचं तर नावच नको. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि सुट्टीतल्या तारखा बघता बघता वेटिंगवर जातात.

निघालो पहाटे साडेचारला. अटल सेतूवरून जाऊ या म्हणून थोरलीचा हट्ट होता. एका बाजूचे अडीचशे. चेंबूरहून त्या वेळी वाशीचा खाडीपूल रिकामाच असतो आणि ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, मग अडीचशे कशाचे द्यायचे? पूल बघायचाच असेल तर एखाद्या रविवारी मुद्दाम जाऊ म्हटलं. पेणपर्यंत तोंड फुगवून बसली होती.

खाण्याचं खातं मी आईंकडे सोपवलं होतं. त्यांनी आदल्या रात्री दशम्या केल्या. पीठ भिजवायला पाण्याचा थेंब नाही, सगळं दुधात, वर चमचाभर तेलाचं मोहन. मी पाण्याचा हात लावायला गेले तर म्हणाल्या, "अगं, पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी वास येतो. दूध पुरत नसेल तर आणखी दूध आण." शेकल्यावर एकावर एक रचल्या नाहीत, पंचावर सुट्या पसरून पूर्ण गार होऊ दिल्या आणि मगच बांधल्या. गरम बांधली की वाफ धरते आणि खालची दशमी आधी जाते. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी लसणीची चटणी, दाण्याचा लाडू. वीस लिटरचा पाण्याचा जार डिकीत. चहाचा थर्मास मात्र मी भरला, माणगावच्या पुढे झाडाखाली गाडी थांबवून प्यायलो. पोरांनी "आजी, वेफर्स" एकदाच म्हटलं. तिखटमिठाच्या पुऱ्या संपल्यावर.

पुढे कशेडीचा बोगदा, मग खेड, तिथून दापोली. दुपारच्या जेवणाला मुरुडात.

घर फोनवरूनच ठरवलं होतं. अ‍ॅपवर भाव बघितला आणि मग थेट घरवाल्या काकूंनाच फोन लावला. सोमवार ते गुरुवार, परीक्षा संपलेल्या आणि मेची गर्दी यायची आहे असा मधला आठवडा. त्यांनीच आपणहून भाव उतरवला. शनिवार-रविवारी हेच घर घ्यायला गेलं तर दुपटीच्या जवळ जातं. सुट्टीचा अर्ज सोमवारचा टाकायला ऑफिसात जीभ थोडी झिजवावी लागते, पण सगळ्या युक्त्यांत पैसे वाचवणारी युक्ती हीच. टायरची हवा बिवा त्याच्यापुढे काही नाही. (हे ह्याला वाचून दाखवणार आहे.)

आणि मग हर्णै. संध्याकाळी बंदरावर लिलाव लागतो. होड्या लांब पाण्यात उभ्या, टोपल्या बैलगाडीतून किनाऱ्यावर येतात, समोर सुवर्णदुर्ग. लिलावाच्या बोलीत आपल्यासारख्यांनी तोंड घालायचं नसतं, तो कारभार व्यापाऱ्यांचा. बाजूला बायका वाटे लावून बसतात, घासाघीस तिथे. आईंनी सुरमईचे कल्ले उघडून बघितले, बोटाने पोट दाबलं, आणि काही न बोलता पुढे चालू लागल्या. चार पावलांवर हाक आली, "ओ आजी, किती देता सांगा तरी!" दादरच्या बाजारात एवढी सुरमई घ्यायला मी दोनदा विचार केला असता. काकूंनी करणावळ घेऊन अर्धी तळली, अर्धीचं कालवण केलं. एवढं करून माणशी पडले ते हॉटेलच्या एका थाळीपेक्षा कमीच, आणि नवऱ्याने भात तिसऱ्यांदा घेतला.

डॉल्फिनची होडी मी वहीत "गेले" या सदरात लिहिली आहे. डॉल्फिनची पाठ दिसली म्हणे. मी त्या वेळी धाकट्याची कॉलर धरून होते. कड्यावरच्या गणपतीला, व्याडेश्वराला, हेदवीला पैसे लागत नाहीत आणि पोरांना खरं तर हेदवीची बामणघळच जास्त आवडली. भरतीला पाणी त्या फटीतून उसळून वर येतं.

गुहागरला दाभोळ-धोपावे फेरीतून गेलो. गाडीचं, माणसांचं तिकीट पडतं म्हणून वाटतं की हा जास्तीचा खर्च. पण दापोलीहून रस्त्याने खेड, चिपळूण करत गुहागर गाठायचं तर शंभरावर किलोमीटर. फेरीने निम्म्याहून कमी, शिवाय पोरांना होडी मिळते ती वेगळी. गाडी फळीवर चढवताना ह्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ऑफिसमधले एकजण सारखे फास्टॅगच्या वार्षिक पासचं सांगतात. 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3000 रुपये, वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. त्यांचं गाव कोल्हापूर, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे राष्ट्रीय महामार्गाचे नाके लागतात, दर महिन्याला जाणं. त्यांना तो परवडतोच. आमच्या कोकणच्या वाटेला तो काढून काय करू?

आता दिवाळीत अंबाबाईला जायचं आईंच्या मनात आहे. तसं झालं तर पासचं गणित पुन्हा मांडीन. पुणे एक्सप्रेसवेचे मात्र त्यातही वेगळेच भरावे लागणार, तिथे तो पास चालत नाही.