चकली, कुलूप आणि कालनिर्णय

आमच्या कुत्रीचं शेपूट गोल वळलेलं, म्हणून नाव चकली. २०२०च्या पावसाळ्यात विक्रोळी स्टेशनजवळ एका बंद टपरीखाली सापडली तेव्हा मुठीएवढी होती. पुढचं दीड वर्ष आम्ही घरातच. मी लॅपटॉपवर, नवरा लॅपटॉपवर, मध्ये चकली. रिकामं घर म्हणजे काय हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, आणि हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

ऑफिसं सुरू झाली त्याच आठवड्यात दाराची चौकट कुरतडलेली, गादीवर शू आणि शेजारच्या काकूंचा निरोप, "अगं, दिवसभर रडते गं ती." कन्नमवार नगरातली आमची जुनी बिल्डिंग, एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका लागतो. पंधरा दिवसांत सेक्रेटरींचं पत्र आलं. नवऱ्यानं लगेच प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांची प्रिंट काढली. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, वगैरे. ते खरंच होतं. पण खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप उडाली होती, हेही खरंच होतं. प्रिंट मी ड्रॉवरमध्ये टाकली.

तेव्हा माझी पक्की समजूत होती की ही राग काढतेय. संध्याकाळी दार उघडलं की कान पाडून, नजर चुकवून उभी. बघा, केलेलं कळतंय हिला! मी चौकटीकडे बोट दाखवून ओरडायचे. नंतर वाचनात आलं की कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये नेमका हाच चेहरा तपासला होता: कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की हा चेहरा होतो. म्हणजे चकली माझा आवाज ऐकून घाबरत होती, चौकट तिच्या गावीही नव्हती.

मधे एक ट्रेनर येऊन गेला. गळा आवळणारी साखळी आणि "घरात बॉस कोण ते कळू दे तिला". दोन सेशननंतर चकली साखळी दिसली की पलंगाखाली, आणि रडणं होतं तसंच. पैसे गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली. संसर्ग असेल तर शिकवून काय उपयोग. रिपोर्ट स्वच्छ आला. मग म्हणाल्या, "जुना मोबाइल लावून ठेवा, मला व्हिडिओ दाखवा."

तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकले नाही. कुलूप लागतं. चकली दाराकडे बघत उभी. मग दाराखालच्या फटीला नाक. मग धापा. बेचाळिसाव्या सेकंदाला पहिला बारीक हुंकार, आणि त्यानंतर दोन्ही पंजे चौकटीवर. बाजूला उकडलेल्या चिकनची वाटी जशीच्या तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढी खादाड कुत्री चिकनला तोंड लावत नाही, तर ही मस्ती नाही. भीती आहे."

उपाय ऐकायला सोपा होता. बेचाळीसच्या आत परत यायचं, भीती सुरूच होऊ द्यायची नाही, आणि वेळ हळूहळू वाढवायची. तोवर तिला एकटं सोडायचंच नाही, ही खरी अवघड अट. सकाळी काकू, दोन दिवस नवरा घरून, उरलेले दिवस पैसे देऊन सांभाळणारी मुलगी. ते महिने कसे काढले ते आमच्या पासबुकाला विचारा.

मी जिन्यात उभी राहून मोबाइलवर सेकंद मोजायचे. पाच, बारा, आठ, वीस. दर वेळी वाढवायचे नाही, नाहीतर तिला अंदाज येतो. दूधवाल्यानं दोनदा विचारलं, "वहिनी, किल्ली हरवली काय?" कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी सेकंद लिहायचे: 'दूध १ लि., ३५ से.' शिवाय दिवसातून पंधरा-वीस वेळा चाव्या खुळखुळवायच्या आणि सोफ्यावर बसायचं. पर्स खांद्याला लावून चहा करायचा. चावीच्या आवाजाला ती मान वर करेनाशी झाली. तरी चार मिनिटांवर गाडी अडली ती अडलीच.

गुंता सोडवला सासूबाईंनी. चिपळूणहून आल्या होत्या, भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगो, ती चावीला नाही उठत. तू गॅस बंद करतेस ना, तेव्हाच उठते." बाहेर पडण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची माझी सवय. कट्‌ असा आवाज होतो. मी दारात पोचायच्या आधीच चकली घाबरलेली असायची, आणि मी कौतुकानं चाव्या वाजवत होते! मग दिवसभर रेग्युलेटर. चालू, बंद, चालू, बंद. आईंनी आनंदानं ड्युटी घेतली, फक्त दर 'कट्‌'ला चपातीचा तुकडा सुरू केला. चकली किलोभर वाढली, मग रात्रीचं खाणं कमी केलं.

चार मिनिटांची अकरा झाली. अर्धा तास ओलांडल्यावर पुढच्या उड्या मोठ्या पडल्या. तिचा सगळा कल्लोळ सुरुवातीलाच असायचा. दिवाळीत मात्र फटाक्यांनी पार खाली आणलं, पुन्हा तीस सेकंद. त्या रात्री मी कालनिर्णय उलटं करून ठेवलं होतं.

आता ती चार तास राहते. त्याहून जास्त वेळ असेल तर काकूंकडे. चौकटीला पत्रा ठोकलाय, तो काढलेला नाही. गेल्या आठवड्यात गॅस बंद करायला विसरले म्हणून तळमजल्यावरून परत वर आले. कट्‌. चकलीनं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मिटला.